खंडेनवमीचा पहिला बार

सायलीनं पिशवीतून सॅनिटायझरची बाटली काढली. रायफलच्या लाकडावर जिथं गाल टेकतो, तिथं फवारा मारला. रुमालानं पुसलं. वास घेतला. पुन्हा पुसलं. मग कुठं तिनं आपला गाल तिथं टेकवला.

मी शेजारीच उभी होते. माझा नंबर नुकताच होऊन गेला होता. त्याच लाकडाचा वळ माझ्या गालावर अजून लाल होता.

"करोनापासून सवयच लागलीय गं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "राग नको मानू."

त्या दिवशी मी राग मानला नाही. नजर ठेवली. आमच्या कॉलेजच्या रायफल क्लबात चार एअर रायफली आणि त्यांच्यावर आम्ही पंधरा-सोळा पोरं. एकाच लाकडावर एकामागून एक सगळ्यांचे गाल. रणधीरचा घाम तर लाकडावरून ओघळायचा. त्याच्यामागून ती यायची तेव्हा बाटली पिशवीत. बाकीच्या पोरींमागून यायची तेव्हाही बाटली पिशवीत. माझ्यामागून आली की बाटली बाहेर. करोनाला जात बरोबर ओळखता येत होती.

मी मांगवाड्यातली. आता तिथं कमान आहे, कमानीवर चांगलं नाव आहे, पण गावात कुणी पत्ता विचारला तर लोक अजून मांगवाडाच म्हणतात. कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. चारी बाजूंनी ऊस, आणि तो सगळा दुसऱ्यांचा. आई त्याच उसात भांगलायला जाते. आबा, म्हणजे माझा बाप, हलगी वाजवतो. लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत, मयताला. आबाची हलगी सुरू झाली की ओसरीवर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा खांदे हलवायला लागतात. वाजवून झालं की तीच माणसं त्याला सांगतात, जरा लांब बस रं.

मला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी. वर्गात बसले तरी बाकाखाली पाय हलत असतो. आई म्हणायची, हिच्या अंगात आबाची हलगी शिरलीय. कॉलेजला आले तेव्हा रायफल क्लबची पाटी बघून नुसती डोकावायला गेले होते. मेजर सरांनी हातात रायफल दिली. आमच्याकडं पलटणीतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो तिकडं कुणी का असेना. सर खरंच चांगले नेमबाज होते. रायफल कशी धरायची ते त्यांनी दाखवलं, मला उभं केलं आणि बाजूला होऊन बघत राहिले. मग दुसऱ्या पोरांना म्हणाले, "हिकडं बघा रं. हिचा हात हालत न्हाई."

खरंच हलत नव्हता. माझं मलाच नवल वाटलं. ते ताठ कॅनव्हासचं जॅकेट अंगात आलं, गाल लाकडाला लागला, अर्धा श्वास सोडला, अर्धा धरला, की आतलं सगळं वाजणं थांबायचं. समोर दहा मीटरवर कागद. कागदावर काळा गोळा. तो गोळा नळीच्या टोकावरच्या रिंगेच्या मधोमध आला की बोट आपोआप चापावर यायचं. त्या दोन-तीन क्षणांत मी कुणाची नव्हते. ना वाड्याची, ना वस्तीची. फक्त डोळा आणि बोट. तेवढ्यासाठी मी रोज जायची.

घरी रायफल कुठली? मी मुसळ घ्यायची. मुसळ खांद्याला लावून, त्यावर गाल टेकून, समोरच्या पत्र्यावरचा एक खिळा धरून उभी राहायची. हात दुखून खाली यायला लागले की आणखी थोडा वेळ.

"आगं, लोकाच्या पोरी ह्या वयात मुसळानं मिरची कांडत्यात," आई चुलीपुढून म्हणायची. "आन् आमची बया त्येला मुका देत हुबी ऱ्हायलीया!"

आबा हसायचा. आबाला फार हसू यायचं तेव्हा.

गणपती झाले आणि क्लबात सीझनची तयारी सुरू झाली. सीझन म्हणजे दिवाळीनंतरच्या स्पर्धा. आधी जिल्ह्याच्या, मग साताऱ्याला निवड चाचणी, तिथून विद्यापीठाची टीम. हॉस्टेलच्या मागं जुनं गोदाम आहे, तीच आमची रेंज. पावसाळाभर तिथं पारवे राहिलेले. आम्ही शेड झाडली, भिंतींना चुना लावला, कागदांवरचे बल्ब बदलले. रोज संध्याकाळी छर्रा न घालता रायफल धरून नुसतं उभं राहायचं. सर मागून फिरायचे आणि ज्याची नळी हलेल त्याच्या पोटरीला वेताची काठी लावायचे. माझ्या पोटरीला त्यांची काठी क्वचितच लागली.

त्यात यंदा नवी रायफल आली. बाहेरच्या देशातली, चकचकीत, सगळे स्क्रू हवे तसे फिरणारी. संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी दिलेली. आमच्याकडं चेअरमन या शब्दाला फार मोठी जागा लागते. कॉलेज त्यांचं, शाळा त्यांच्या, दूध संघावर माणसं त्यांची, कारखान्यात कुणाला चिकटवायचं ते त्यांच्या शब्दावर. रणधीर त्यांचा पुतण्या.

बाकीच्या तीन रायफली म्हाताऱ्या झाल्या होत्या. मारावं एकीकडं आणि लागावं दुसरीकडं. त्या घेऊन साताऱ्याला जाणं म्हणजे बैल विकून शर्यतीला जाणं. नवी रायफल ज्याला मिळेल त्यालाच काही आशा होती.

आणि ती कुणाला मिळणार, याची क्लबात एक रीत होती. मेजर सरांनी पलटणीतून आणलेली. खंडेनवमीला रायफली धुऊनपुसून मांडायच्या, पूजा करायची, दहा मीटरवर काळ्या दोऱ्यानं लिंबू टांगायचं. आधीच्या सरावात ज्याचा नेम सगळ्यात चांगला, त्यानं पहिला बार काढायचा. छर्रा लागून लिंबू फुटलं, रस खाली टिपकला, की हलगी वाजायची आणि सीझन सुरू. पहिला बार ज्याचा, सीझनभर सगळ्यात चांगली रायफल त्याची. यात कधी वाद झाला नव्हता.

सरावात मी पहिली आले. दुसरी सायली. रणधीर बराच मागं. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "बार हिचा." सायलीनं टाळ्या वाजवल्या. मग तिनं हाताला सॅनिटायझर लावलं की काय, ते मी बघितलं नाही. मी फार आनंदात होते.

घरी येऊन सांगितलं तर आबा उठून उभाच राहिला.

"म्हंजी चेअरमनसायबाच्या म्होरं तू बंदूक उडवणार?"

"व्हय. आन् मग हलगी वाजती."

"कोण वाजवतंय?"

"दरवर्सी गावातली असत्यात कुणीतरी."

आबा दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलवर मागं बसून कॉलेजला गेला आणि मेजर सरांना भेटून आला. यंदा आमचा ताफा वाजवणार म्हणाला, सुपारी नको म्हणाला. लेकीचा बार हाय, पैसं कशाला? आई म्हणाली, "आता बाप बी कॉलेजात, लेक बी कॉलेजात. मी एकलीच अडाणी ऱ्हायले." तिनं आबाचा फेटा धुऊन कडक उन्हात वाळवला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हलगीची मला लाज नव्हती. मला स्वतःला वाजवता येते. एवढंच की क्लबात मला कुणी, तुझे वडील काय करतात, असं विचारलं नव्हतं. न विचारताच सगळ्यांना माहीत होतं.

खंडेनवमीच्या सकाळी शेडपुढं आबानं उसाचं पाचट पेटवून हलगी शेकायला घेतली. बोटानं टिचकी मारून बघायचा, परत शेकायचा. मी जॅकेट घालून तयार होते. आत बसवेना, बाहेर उभं राहवेना. चार वेळा लिंबाखाली जाऊन आले. दोरा नीट आहे ना, बल्ब नीट आहे ना. सर म्हणाले, "पोरी, आता तू हुबी ऱ्हा, न्हाईतर लिंबूच चक्कर येऊन पडंल."

चेअरमनसाहेब उशिरा आले. पांढरेशुभ्र कपडे, मागं चारपाच माणसं, तालुक्याच्या पेपरचा फोटोग्राफर. हसतमुख माणूस. सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवत आले. टेबलावर पांढऱ्या चादरीवर चारही रायफली मांडल्या होत्या, नवी मधोमध. त्यांनी झेंडूचे हार घातले, हळद वाहिली, नारळ फोडून पाणी शिंपडलं. मग कुंकवाची चिमूट घेतली आणि नव्या बंदुकीला जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं लावली. मागच्या साइटला एक बारीक भोक असतं. त्यातूनच सगळं बघायचं असतं. त्यावर तर अंगठा दाबून लावलं.

"साहेब, तेवढं साइटवर नको," मेजर सर बारीक आवाजात म्हणाले.

"मेजर, देवाला कुटली साइट-बिट आली?" चेअरमन म्हणाले. सगळे हसले. सरही हसले.

मग सरांनी माझं नाव पुकारलं. मी पुढं झाले. चेअरमननी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेनं.

"ही कुणाची रं?"

सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच तोंडानं म्हणायचं नव्हतं. तेवढ्यात मागून आबाचा आवाज आला. फेटा बांधलेला माझा बाप, हलगी गळ्यात, छाती पुढं.

"माझी लेक हाय जी, सायेब."

इतक्या अभिमानानं त्यानं जन्मात कधी काही सांगितलं नसेल.

चेअरमन मोठ्यानं हसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आरं तिच्या! बाप वाजवतोय, लेक बार काढतीया, मग आमी काय करायचं? नुसतं बघायचं व्हय?"

पुन्हा सगळे हसले. फोटोग्राफर हसला. सायली हसली. आबासुद्धा हसला, कारण साहेब हसत होते.

"न्हाई, पोरगी हुशार हाय, आपलीच हाय," ते म्हणाले. "पन शस्त्राचा मान ज्येचा त्येला. मेजर, पयला बार आपला रणधीर काढंल. आन् पोरी, तू बापाला हातभार लाव. हलगी धर. तुमचा हात काय, बसलेलाच आसतोय."

मी मेजर सरांकडं बघितलं. सर लिंबाकडं बघत होते.

आबानं गळ्यातली हलगी काढून माझ्यापुढं धरली. हळूच म्हणाला, "घे पोरी. आजच्या दिस." मी हलगी हातात घेतली. पाचटाच्या आगीनं ती अजून गरम होती. अंगात नेमबाजीचं जॅकेट, हातात हलगी. दोन पोरांनी मोबाइल वर केले. मी काडी उचलली नाही. नुसती उभी राहिले. थोड्या वेळानं आबानंच हलगी परत घेतली, जणू काही ती त्यानं मला फक्त धरायला दिली होती.

रणधीर पुढं आला. तो मनानं वाईट नव्हता. सगळ्या क्लबाला वडापाव चारायचा. पण हातात आलेलं नको म्हणायची त्याच्या घरात कुणाला सवय नव्हती. त्यानं नवी रायफल उचलली, छर्रा घातला, नेम धरला. टक्. छर्रा मागच्या फळीत. चेअरमननी हात वर केला, आबाची हलगी दणाणली, मग कुणीतरी सांगितलं की लिंबू तसंच आहे. हलगी थांबली.

दुसरा छर्रा. फळीत. तिसरा, फळीतही नाही, कुठं गेला देव जाणे.

"काका, सगळं लालच दिसतंय," रणधीर म्हणाला आणि साइट अंगठ्यानं पुसली. नारळाच्या पाण्यात भिजलेलं कुंकू ते. पुसायला गेलं की आणखी आत बसतं. मला ते जिथं उभी होते तिथून दिसत होतं. सरांनाही दिसत होतं. पण पूजेचं कुंकू साहेबांच्या डोळ्यांदेखत पुसून काढायचं कुणी? रणधीर मारत राहिला. लिंबू वाऱ्यानं हलकंसं फिरत राहिलं.

आता हसणं थांबलं. खंडेनवमीला मांडलेलं लिंबू फुटलं नाही तर वर्ष वाईट जातं, असं आमच्याकडं शिकलेलीसुद्धा मानतात. चेअरमनची माणसं एकमेकांच्या कानाला लागली. फोटोग्राफर घड्याळ बघायला लागला. चेअरमननी मेजर सरांना बाजूला घेतलं आणि मलाही खुणेनं बोलावलं.

"मेजर, आसं करा," ते हळू आवाजात म्हणाले. "ही पोरगी मागनं मारू द्या. जुन्या बंदुकीनं. रणधीर नवी धरून म्होरं हुबा ऱ्हाईल. लिंबू फुटलं की फोटू त्येचा निघंल. काय?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, क्लबाच्या इज्जतीचा सवाल हाय. तुझं टीममधलं नाव कुटं जात न्हाई. मी हाय की."

सर म्हणाले, "कर पोरी. तुझ्यासाठी काय अवघड हाय?"

हेच ते. माझा नेम त्यांना हवा होता. मी नको होते. माझं बोट चालत होतं, माझं नाव चालत नव्हतं. लाकडावरचा माझा घाम पुसायचा आणि माझ्या छर्‍यानं फुटलेल्या लिंबाचा फोटो दुसऱ्याचा काढायचा. आणि ते सगळं डोक्यावर हात ठेवून. मला रडू आलं नाही. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता आणि इतकं स्वच्छही कधी दिसलं नव्हतं.

तरी मी गेले. का गेले, ते सांगते. साताऱ्याला जायचं होतं. जुनी तर जुनी रायफल, पण टीममध्ये नाव तरी राहील, असं मन आतून म्हणत होतं. रणधीर पुढं नवी रायफल खांद्याला लावून फोटोसाठी उभा राहिला. मी त्याच्या मागं डाव्या अंगाला, जिथून छर्रा जायला वाट मोकळी होती तिथं. जुन्या रायफलीचं भोक मी ओढणीनं साफ केलं. छर्रा भरायची लिव्हर उघडली. रिकाम्या नळीनंच एकदा गाल टेकून बघितलं. लिंबू रिंगेच्या बरोब्बर मधोमध आलं. पिवळं, मोठं, स्वच्छ. हात हलत नव्हता. लागणार होतं. मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, आबालाही माहीत होतं, कारण त्यानं काड्या वर उचलून धरल्या होत्या.

मी छर्रा डबीतून चिमटीत घेतला. मग परत डबीत टाकला. लिव्हर उघडीच ठेवली. रायफल टेबलावर ठेवली, नळी लिंबाकडं करून, सरांनी शिकवलं होतं तसं. आणि मागं सरकले.

"काय झालं?" सर म्हणाले.

"बार माझा हाय," मी म्हणाले. "माझं नाव घ्या. मग मारते."

चेअरमन अजूनही हसत होते, पण आता नुसते दात दिसत होते.

"काय म्हनली ही?"

"पुतण्याच्या फोटोसाठी मी मारणार न्हाई. आन् हलगीबी तुमी सांगितली म्हणून वाजवणार न्हाई."

"मेजर," ते म्हणाले, "हे पार्सल उद्यापास्नं हितं दिसाय नगं."

तेवढ्यात आबा धावत पुढं आला. मला वाटलं, माझ्या बाजूनं आला. त्यानं चेअरमनपुढं हात जोडले, हलगी गळ्यात लोंबकळत होती.

"सायेब, लेकरू हाय. चुकलं. पदरात घ्या." आणि माझ्याकडं वळून, "पाया पड. पड म्हनतो न्हवं!"

चेअरमनचं बोलणं मला लागलं नव्हतं इतकं हे लागलं. मी म्हणाले, "आबा, न्हाई." त्यानं माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. जॅकेट क्लबाचं होतं. ते काढलं, घडी घातली, टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले. मागून कुणीतरी आबाला म्हणालं, "वाजव की रं, थांबलास का?" आणि हलगी सुरू झाली. मी कॉलेजच्या फाटकापर्यंत त्या तालावर चालत होते. पायांना तो ताल मोडताच येईना.

आबा संध्याकाळी आला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला आमच्या दारात कुणी आलं नाही आणि आम्हीही कुणाकडं गेलो नाही. गावातल्या मिरवणुकीला दुसऱ्या गावचा ताफा आला. आबा भिंतीला टेकून तो आवाज ऐकत बसला. शेवटी मीच म्हणाले, "आबा, बोल तरी."

"तुला काय वाटलं, मला राग येत न्हाई?" तो म्हणाला. "मला राग आला की मी हलगी बडवतो. तुला आला, तू माझी हलगीच बंद केलीस."

आई मधे पडली नाही. ती दिव्याची वात सारखी करत बसली होती.

पुढच्या आठवड्यात सायलीचा मेसेज आला. लिंबू अजून तिथंच टांगलेलं आहे, वाळून काळं पडलंय, कुणी काढायला धजत नाही. शेवटी लिहिलं होतं, "तू मारायला हवं होतंस. सगळ्यांसाठी." मी तो मेसेज बऱ्याच वेळा वाचला. या सगळ्यांमध्ये मी कुठं बसते ते मला त्यात सापडलं नाही.

मग एका सकाळी मेजर सर आमच्या वस्तीत आले. पहिल्यांदाच. आईनं शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. चहा केला. सरांनी चहा प्याला, हे मी सांगितलंच पाहिजे. कप खाली ठेवून म्हणाले, "चेअरमनसाहेब मोठ्या मनाचे हायेत. सगळ्यांच्या म्होरं एकदा 'चुकले' म्हण. बास. टीममधी घेतो तुला. साताऱ्याला नेतो."

"आन् नवी रायफल?"

"ती रणधीरकडं. जुनी तुला."

आबा दारात उकिडवा बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती.

"सर, एकच विचारते," मी म्हणाले. "बार कुणाचा हुता?"

सर दाराबाहेरच्या कोंबड्यांकडं बघत राहिले.

"तुझा," ते म्हणाले.

"हे तवा का म्हनला न्हाईत?"

"पोरी, माझा थोरला त्येंच्या कारखान्यात हाय. आजून परमनंट न्हाई. तुला कळायचं न्हाई."

"मला कळतंय, सर. म्हंजी भ्यालात तुमी. आन् चुकले मी म्हनायचं."

त्यांचा चेहरा पडला. वाईट वाटलं मला. बंदूक धरायला ज्यानं शिकवलं, त्याला असं बोलताना जीभ जड झाली. पण मी शब्द परत घेतला नाही. सर उठले. आबा त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेला, पाठीत वाकून, "संबाळून जावा, सायेब" म्हणत. माझा बाप बदलला नाही. बदलेल असं मी आता धरूनही चालत नाही.

मी घर सोडलं. सध्या मिरजेत मावशीकडं राहते. ती एका दवाखान्यात आया आहे. तिनं ओळखीनं मला औषधाच्या दुकानात काम मिळवून दिलं. कॉलेज बाहेरून करते. सांगलीत एक खासगी रेंज आहे, तिथं तासाच्या भाड्यानं रायफल मिळते. पगार झाला की जाते. एरवी मावशीच्या खोलीत काठीला पाण्याची बाटली बांधून उभी राहते. पाय अजून एका जागी ठरत नाहीत. झोपेतही हलतात, मावशी म्हणते. दुकानात गोळ्यांची पाकिटं काढता काढता मध्येच अर्धा श्वास धरते आणि गिऱ्हाईक ओरडतं, अहो ताई, लक्ष कुठंय?

लक्ष साताऱ्यात आहे. तिथं निवड चाचणीबरोबरच खुली स्पर्धाही होते. वैयक्तिक नाव देता येतं, कॉलेजची सही लागत नाही. मी नाव दिलंय. रणधीर तिथं नवी रायफल घेऊन येईल. सायली येईल. मेजर सर काठी घेऊन त्यांच्या मागं उभे असतील. माझ्या मागं कुणी नसेल. रायफल भाड्याची असेल, जॅकेट दुसऱ्याच्या मापाचं असेल. मी पहिली येईन असं मी म्हणत नाही. भाड्याच्या रायफलीवर कुणी पहिलं येत नसतं, एवढं मला कळतं.

पण तिथं माझं नाव पुकारलं जाईल आणि मग मी मारीन. नाव न घेता माझा नेम आता कुणाला मिळणार नाही. चुकला तर माझा चुकेल. आणि पुन्हा कुणी डोक्यावर हात ठेवून, मागून मार म्हणालं, मग तो चेअरमन असो, सर असोत, नाहीतर हात जोडून उभा राहिलेला माझा बाप असो, मी छर्रा डबीत टाकीन.